लाकूड नैसर्गिक, म्हणून सशाला कुठलंही चालतं?

“ससा निसर्गतःच लाकूड कुरतडतो, त्यामुळे कुठलीही काटकी द्या, दात झिजतील,” असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो पटतो, कारण त्यातला अर्धा भाग खरा आहे. सशाचे दात आयुष्यभर वाढतात; पुढचे दात आठवड्याला सुमारे 2 मिलिमीटर. पण दाढा झिजवण्याचं खरं काम वाळलेलं गवत करतं. लाकूड म्हणजे वरचा विरंगुळा.

आता “कुठलीही” या शब्दाकडे येऊ. विषही नैसर्गिकच असतं. कण्हेरीची काडी हृदयावर घात करते. जर्दाळू, पीच, चेरी, आलुबुखार यांच्या ताज्या फांद्या चावल्या की सायनाइड तयार होतं. आणि सशाला उलटी होत नाही, पोटात गेलेलं तो बाहेर टाकू शकत नाही. सफरचंद, नासपती, विलो यांच्या फवारणी न झालेल्या, वाळवलेल्या फांद्या मात्र खुशाल द्या.

तपासायचं कसं? आधी झाड ओळखा, पानाफुलांसकट. ओळख पटली नाही तर फांदी देऊच नका, मी तरी याबाबत तडजोड करत नाही. फर्निचरचा तुकडा असेल तर कापलेली कड बघा: थर दिसले तर प्लायवूड, दाबलेला भुसा दिसला तर एमडीएफ. दोन्हींत डिंक असतो, ते बाद. रंग, पॉलिशही बाद.

चुकून काही खाल्लं आणि ससा खाईना किंवा लेंड्या थांबल्या, तर सकाळची वाट बघू नका, लगेच पशुवैद्याकडे न्या. उरलेली काटकी सोबत घ्या.