आलोर

आलोर : इंडोनेशियाच्या पूर्व नुसा तंगारा प्रांतातील एक द्वीपजिल्हा (काबुपातेन). क्षेत्रफळ सुमारे २,९०० चौ. किमी. लोकसंख्या १,९०,०२६ (२०१०), २,११,८७२ (२०२०). आलोर व पांतार ही दोन मोठी बेटे आणि त्यांच्या दरम्यानच्या सामुद्रधुनीतील पुरा, तेरनाते (मालुकूतील प्रसिद्ध तेरनातेहून वेगळे), तेरेवेंग, बुआया इ. लहान बेटे मिळून हा जिल्हा होतो. मुख्य ठिकाण कालाबाही. दक्षिणेस ओम्बाई सामुद्रधुनीपलीकडे तिमोर बेट असून पूर्व तिमोरचे आताऊरो बेट नजरेच्या टप्प्यात येते. जुन्या यूरोपीय नकाशांत आलोरचाच उल्लेख ‘ओम्बाई’ असा आढळतो.

भूवर्णन : जिल्हा बहुतेक डोंगराळ आहे. चढ उभे, दऱ्या अरुंद आणि सपाट जमीन किनाऱ्यालगत तेवढी. आलोरवर जागृत ज्वालामुखी नाही; पांतारच्या दक्षिण भागातील सिरुंग (८६२ मी.) मात्र जागृत असून २०१२ व २०२१ मध्ये त्याचे उद्रेक झाले. भूकंप वारंवार होतात. १२ नोव्हेंबर २००४ च्या ७·५ महत्तेच्या भूकंपात तीसहून अधिक माणसे दगावली व हजारो घरे पडली. एप्रिल २०२१ मधील ‘सेरोजा’ चक्रीवादळानेही येथे मोठी हानी केली. पाऊस मुख्यतः डिसेंबर ते मार्च या काळात पडतो. पुढचा कोरडा ऋतू लांबलचक असतो.

पॅसिफिककडून हिंदी महासागराकडे जाणाऱ्या जलप्रवाहाचा एक मोठा वाटा ओम्बाई सामुद्रधुनीतून वाहतो. त्यामुळे भोवतालचा समुद्र खोल आणि वेगवान आहे. आलोर केचिल गावासमोरच्या चिंचोळ्या खाडीमुखात साधारणपणे वर्षातून दोनदा तळाचे थंड पाणी अचानक वर येते व पृष्ठभागाचे तापमान दहा अंशांहून अधिक उतरते. मासे बधिर होऊन तरंगू लागतात आणि गावकरी पोरांसकट पाण्यात उतरून टोपल्या, पातेली, हाती येईल त्या भांड्याने ते गोळा करतात. माशांच्या मागोमाग डॉल्फिनही येतात. या घटनेचा शास्त्रीय अभ्यास अलीकडचा आहे. गावाला ती पूर्वापार ठाऊक आहे.

इतिहास : आलोरच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील माकपान गुहेत सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीच्या मानवी वस्तीचे पुरावे मिळाले आहेत. त्याच भागातील त्रोन बोन लेइ येथे सुमारे १२,००० वर्षांपूर्वीच्या एका दफनात मृतासोबत शिंपल्याचे मासेमारीचे गळ ठेवलेले आढळले. यानंतर थेट चौदाव्या शतकापर्यंत दुवे तुटक आहेत. ‘नागरकृतागम’ या १३६५ च्या जावी काव्यात मजपहित साम्राज्याच्या अंकित प्रदेशांच्या यादीत ‘गलियाओ’ येते. ते पांतार की संपूर्ण द्वीपसमूह, यावर मतभेद आहेत. पांतारकडे झुकणारे मत अधिक सयुक्तिक दिसते. किनाऱ्यावरच्या पांदाई, बारानुसा, ब्लागार, आलोर व कुई या पाच राज्यांच्या संघालाही हेच नाव होते.

मॅगेलनच्या ताफ्यातील ‘व्हिक्टोरिया’ हे जहाज जानेवारी १५२२ मध्ये डागडुजीसाठी ज्या ‘मालुआ’ बेटावर पंधरा दिवस थांबले, ते आलोरच असे बहुतेक अभ्यासक धरतात. इस्लाम मालुकूतील तेरनातेच्या सलतनतीतून आला असे परंपरा सांगते. आलोर बेसार येथे झाडाच्या सालीवर लिहिलेली कुराणाची एक जुनी प्रत जपलेली आहे. ती तेरनातेच्या सुलतान बाबुल्लाहच्या काळात, १५१९ मध्ये, इयांग गोगो नावाच्या धर्मप्रसारकाने आणली असे म्हणतात. मात्र बाबुल्लाहची कारकीर्द १५७०–८३ अशी असल्याने सन आणि सुलतान दोन्ही एकदम खरे मानता येत नाहीत. सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध हा त्यातल्या त्यात जुळणारा काळ.

१८५९ च्या लिस्बन करारान्वये पोर्तुगालने पांतार व आलोरवरील हक्क नेदर्लंड्ससाठी सोडले. डोंगरातील लोकांपर्यंत डच सत्ता पोहोचली ती विसाव्या शतकातच, आणि तीही किनाऱ्यावरच्या राजांच्या मार्फत. हा कारभार डोंगरी लोकांना मानवला नाही. १९१८ मध्ये अतिमेलांग भागात आलोरच्या राजाची हत्या झाली. जपानी अंमलानंतर आलोर इंडोनेशियात आले आणि १९५८ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला.

लोक व भाषा : किनाऱ्यावरची आलोरी ही पूर्व फ्लोरेसच्या लामाहोलोटशी नाते सांगणारी ऑस्ट्रोनेशियन भाषा. तिचे भाषक बहुतांशी मुसलमान असून मासेमारी व व्यापारात आहेत. याउलट डोंगरात वीसच्या आसपास भाषा बोलल्या जातात : अबुई, कामांग, साविला, क्लोन, कुई, अदांग, ब्लागार, तेइवा इत्यादी. या सर्व ऑस्ट्रोनेशियन नसलेल्या, म्हणजे ‘पापुआई’, गटातील आहेत. तिमोरमधील बुनाकसारख्या भाषांशी त्यांचे नाते आता मान्य झाले आहे. न्यू गिनीच्या मुख्य भाषाकुलाशी जोडण्याचे प्रयत्न मात्र अनिर्णितच म्हणावे लागतात. गणनपद्धती लक्षणीय आहे. अबुईत सहाला ‘तलामा’ हा स्वतंत्र शब्द आहे, पण सात म्हणजे ‘येतिंग अयोकू’, पाच-दोन. आठ म्हणजे पाच-तीन. एकमेकांच्या भाषा न कळणारी शेजारगावे मलायच्या स्थानिक बोलीत व्यवहार करतात. मुलांच्या तोंडी आता तीच पहिली भाषा होऊ लागली आहे.

सुमारे तीन-चतुर्थांश लोक प्रॉटेस्टंट ख्रिस्ती, मुसलमान साधारण पंचमांश व कॅथलिक थोडे. एकाच कुळात चर्च बांधणारे आणि मशीद बांधणारे भाऊबंद असणे ही येथे नवलाची गोष्ट नाही.

अमेरिकन मानवशास्त्रज्ञ कोरा द्यूबॉइस यांनी १९३८–३९ मध्ये अतिमेलांग येथे राहून अबुई समाजाचा अभ्यास केला. स्त्रिया शेत पिकवतात व पुरुष देण्याघेण्याच्या व्यवहारात गुंततात, ही त्यांची मांडणी अजून उद्‌धृत केली जाते. बाल्यातील अनियमित संगोपनावरून अख्ख्या समाजाचा स्वभाव ताडण्याची त्यांची पद्धत मात्र आता फारशी कोणी स्वीकारत नाही.

मोको : आलोरचे नाव अभ्यासकांत गाजते ते या काशाच्या ढोलांमुळे. मधे निमुळता, वर-खाली रुंद, चार कानांचा हा ढोल वाद्य म्हणून क्वचितच वाजतो. त्याचे खरे स्थान वधूमूल्यात (बेलिस) आहे. प्रकारागणिक मोकोला नाव आणि दर्जा असतो व कुठला मोको कोणत्या घराण्यातून कोणाकडे गेला हे जाणत्यांना तोंडपाठ असते. आलोरइतके मोको अन्यत्र कोठेही नाहीत, आणि तरीही आलोरमध्ये काशाचे ओतकाम होत असल्याचा पुरावा नाही. ते जमिनीतून आपोआप उगवले, असे स्थानिक कथा सांगतात.

जुन्या लेखनात मोकोंचा संबंध सरळ उत्तर व्हिएतनामच्या दोंगसोन संस्कृतीशी जोडला जाई. त्याला आधार तोकडा आहे. दोंगसोन ढोल बसका, रुंद चेहऱ्याचा व एकसंध ओतलेला असतो. मोकोचा उंच, सडपातळ आकार बालीतील पेजेंग ढोलाच्या घराण्यातला आहे. पेजेंग येथील देवळात ठेवलेला, सुमारे १·८६ मी. उंचीचा ढोल हा त्याचा सर्वांत मोठा नमुना. या प्रकारात माथा आणि अंग वेगवेगळे ओतून जोडतात. नक्षी दगडी साच्यावरून मेणावर उठवून घेत. असे साच्याचे तुकडे बालीतच मानुआबा व सेंबिरान येथे सापडले आहेत. सेंबिरानला भारतीय बनावटीची चक्रांकित मृद्‌भांडीही निघाली, त्यावरून ही कला इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपर्यंत मागे नेता येते. आलोरमधील थोड्या मोकोंवर पेजेंगसारखे मानवी चेहरे आहेत व ते जुने असू शकतील. बहुसंख्यांवर मात्र वायांग (जावी छायानाट्य) बाहुल्यांच्या धाटणीच्या आकृती, वेलबुट्टी, काहींवर तर यूरोपीय राजचिन्हांतले सिंह दिसतात. असे मोको पूर्व जावातील ग्रेसिक येथे एकोणिसाव्या शतकात खास या बाजारासाठी ओतले जात आणि मकासारी व चिनी व्यापारी ते आणत, हे मत सर्वांत ग्राह्य वाटते. खरा दोंगसोन धाटणीचा एक ढोल १९७२ मध्ये आइमोली येथे जमिनीत सापडला व तो कालाबाहीच्या संग्रहालयात आहे. पण एका ढोलावरून बाकीच्यांचे मूळ ठरत नाही.

मोको चलनासारखे फिरत असल्याने डच प्रशासनाने १९१४ मध्ये ते कररूपाने गोळा करून व्यवहारातून काढण्याचा प्रयत्न केला. लग्ने त्यामुळे थांबली नाहीत. उरलेल्यांचे मोल वाढले एवढेच. आज बेलिसमध्ये मोकोबरोबर डुकरे, घंटा व रोख रक्कमही चालते.

आर्थिक स्थिती : शेती बहुतांशी कोरडवाहू व फिरती. मका हे मुख्य पीक असून डोंगरी भात, कसावा व कडधान्ये त्याच्या जोडीला असतात. जागुंग तिती हा येथील नेहमीचा पदार्थ : मातीच्या भांड्यात भाजलेले दाणे गरम असतानाच दोन-दोन, तीन-तीन उचलून दगडावर ठेवायचे आणि दुसऱ्या दगडाने एका ठोक्यात चपटे करायचे. पोह्यांसारखे हे पापुद्रे महिनोन्‌महिने टिकतात. नगदी उत्पन्न काजू, केमिरी (जंगली अक्रोड), चिंच, खोबरे, लवंग आणि व्हॅनिला यांतून येते. केनारी या झाडाच्या खाद्य बियांवरून कालाबाहीला ‘केनारीचे शहर’ म्हणतात. पांतारच्या किनाऱ्यावर समुद्रशैवालाची लागवड आहे. पुरा बेटाचे मच्छीमार बांबूचे विणलेले सापळे (बुबू) बुडी मारून प्रवाळावर बसवतात. तेरनाते बेटावरील स्त्रिया नैसर्गिक रंगांत सूत रंगवून इकत विणतात.

ताकपाला या अबुई वस्तीत गवताने शाकारलेली जुनी चौमजली घरे आहेत. खाली बैठक, त्यावर चूल व झोपण्याची जागा, तिसऱ्या मजल्यावर मका आणि सर्वांत वर मोको व वडिलोपार्जित चीजवस्तू. पर्यटकांपुढे येथे लेगो-लेगो हे वर्तुळनृत्य होते. पांतार सामुद्रधुनीतील प्रवाळांमुळे पाणबुडे पर्यटकही येतात. कालाबाहीजवळच्या माली विमानतळावरून प्रांताची राजधानी कुपांगशी विमानसेवा आहे. मालवाहतूक आणि बहुतेक प्रवासी रात्रभराच्या फेरीबोटीनेच जातात.