लाल दिवा लागला की घसा का सुकतो?

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला की नवख्या निवेदकाचं पहिलं वाक्य हमखास एक पट्टी वर चढतं. ताणामुळे स्वरयंत्राचे स्नायू आवळले जातात आणि आवाज पातळ होतो. लाळ कमी होते, घट्टही होते, म्हणून जीभ टाळूला चिकटते. श्वास उथळ झालेला असल्यामुळे वाक्य संपायच्या आत दम संपतो.

नाटकवाल्यांसमोर निदान चेहरे तरी असतात. इथे समोर नुसती काच, आणि कानात सेकंद मोजणारी कंट्रोल रूम! समोरून काहीच प्रतिसाद आला नाही की धास्तावलेलं मन वाईटच अर्थ काढतं. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३ साली मांडलेली ताणाची चाचणी याच गोष्टीचा उपयोग करते. निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांपुढे ५ मिनिटं भाषण, मग ५ मिनिटं तोंडी वजाबाकी. बहुतेकांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात शरीरात स्रवणारं संप्रेरक, एवढ्यानेच वाढतं.

अशा वेळी ‘शांत हो’ हा सल्ला जवळजवळ निरुपयोगी. धडधडणारं हृदय हुकमावर थांबत नाही. मात्र भीती आणि उत्साह या दोन्हींत ते सारखंच धडधडतं. संशोधक ॲलिसन वूड ब्रुक्स यांच्या २०१४च्या प्रयोगांत भाषणाआधी ‘मी उत्साहात आहे’ असं म्हणणाऱ्यांची भाषणं ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली.

मला त्याहून मोलाचं वाटतं ते सॅविट्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांचं २००३चं काम. आपली घबराट लोकांना स्पष्ट दिसतेय असं वक्त्याला वाटतं, पण ती तेवढी दिसत नसते. ही गोष्ट आधी समजावून सांगितलेल्यांची भाषणं सुधारली. प्रशिक्षणात हे सहज पडताळता येतं. रेकॉर्डिंग लावायचं, आपण कुठे थरथरलो ते शिकणाऱ्याने टिपायचं, बाकीच्यांनी त्यांना जाणवलेल्या जागा टिपायच्या. दुसरी यादी बहुधा आखूड निघते.

भावना चेहऱ्यावर येऊच न देणं म्हणजे कौशल्य, हा समज मात्र महागात पडतो. रिचर्ड्स आणि ग्रॉस या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत चेहरा कोरा ठेवायला सांगितलेल्यांना त्या वेळी ऐकलेलं कमी आठवलं. लक्षाचा बराचसा वाटा चेहरा सांभाळण्यातच खर्च झाला असावा. पाहुण्याने नुकतंच जे सांगितलं, तेच पुन्हा प्रश्न म्हणून विचारणारे निवेदक आपण पाहतो. त्यांतल्या काहींचा गृहपाठ चोख असतो.