डिजिटल हक्क व्यवस्थापन (संगीत)

विकत घेतलेली किंवा वर्गणी भरून मिळवलेली डिजिटल ध्वनिफाइल कोणत्या यंत्रावर आणि किती काळ वाजवता येईल, तसेच तिच्या किती प्रती काढता येतील, हे विक्रेत्याने सॉफ्टवेअरच्या साहाय्याने ठरवून देण्याच्या पद्धतीस डिजिटल हक्क व्यवस्थापन म्हणतात. व्यवहारात तिचा उल्लेख डीआरएम (डिजिटल राइट्स मॅनेजमेंट) या इंग्रजी आद्याक्षरांनीच होतो. चित्रपट, ई-पुस्तके, व्हिडिओ गेम आणि कार्यालयीन सॉफ्टवेअर यांतही ही पद्धत रूढ आहे. परंतु ग्राहकांची नाराजी, कंपन्यांची परस्परांवरील कुरघोडी आणि कायदा यांची तिच्याभोवती झालेली ओढाताण संगीताच्या क्षेत्रात, साधारणतः २००३ ते २००९ या काळात, सर्वांत ठळकपणे दिसली. या नोंदीत त्याच क्षेत्राचा विचार केला आहे.

या पद्धतीत गाण्याची फाइल कूटबद्ध केलेली असते, म्हणजे तिला जणू कुलूप घातलेले असते, आणि ती उलगडणारी किल्ली ग्राहकाच्या खात्याशी किंवा यंत्राशी बांधलेली असते. किल्ली बहुधा विक्रेत्याच्या सर्व्हरवरून मिळते. त्यामुळे फाइल ग्राहकाच्या संगणकावर असली, तरी ती वाजेल की नाही हे अखेर विक्रेत्याच्या हाती राहते. या रचनेत एक मूलभूत अडचण आहे. ज्याच्यापासून फाइलचे रक्षण करायचे त्याच ग्राहकाला ती ऐकवायचीही असल्याने किल्ली कधी ना कधी त्याच्या यंत्रावर पोहोचवावीच लागते आणि तेथे ती जाणकाराला शोधून काढता येते. शिवाय एकाने एकदा कुलूप तोडले की मोकळी झालेली प्रत इतरांना इंटरनेटवर सहज मिळते. परिणामी फुकट प्रत घेणाऱ्याकडे कोणत्याही यंत्रावर चालणारी फाइल येई आणि पैसे मोजणाऱ्याकडे बंधने असलेली. या विषयावरील ग्राहकांच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी हीच विसंगती होती.

१९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर कोणतेही कुलूप नव्हते, कारण घरोघरी संगणकावर तिची नक्कल होईल अशी कल्पना तेव्हा कोणी केली नव्हती. नव्वदीच्या दशकात एमपी३ हे आटोपशीर फाइलस्वरूप आले आणि १९९९ मध्ये सुरू झालेल्या नॅपस्टर या इंटरनेट सेवेने अनोळखी लोकांमध्ये गाण्यांची देवाणघेवाण सोपी करून टाकली. ध्वनिमुद्रण कंपन्यांनी एकीकडे दावे लावून २००१ मध्ये नॅपस्टर बंद पाडले आणि दुसरीकडे तांत्रिक कुलपांचा आग्रह धरला. त्याआधीच, १९९६ च्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या करारांना अनुसरून, अमेरिकेने १९९८ मध्ये डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायदा केला होता. या कायद्याने कुलूप तोडणे हेच स्वतंत्रपणे बेकायदेशीर ठरवले. स्वतः विकत घेतलेले गाणे दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर वाजवण्यासाठी कुलूप काढणारा ग्राहकही त्यामुळे संशयाच्या कक्षेत आला.

ॲपल कंपनीने २८ एप्रिल २००३ रोजी आयट्यून्स म्युझिक स्टोअर सुरू केले. सुमारे दोन लाख गाण्यांचा साठा, प्रत्येक गाण्याला ९९ सेंट ही एकच किंमत आणि संपूर्ण अल्बम घेण्याची सक्ती नाही, ही त्याची वैशिष्ट्ये होती. पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी विकली गेली. गाण्यांना फेअरप्ले नावाचे कुलूप होते. ते तुलनेने सैल होते: सुरुवातीला तीन आणि पुढे पाच संगणकांवर गाणे वाजवता येई, हव्या तितक्या आयपॉडवर (ॲपलच्या खिशात मावणाऱ्या संगीतयंत्रावर) घालता येई आणि सीडीवरही उतरवता येई. मात्र आयपॉड सोडून अन्य कंपनीच्या अशा संगीतयंत्रावर ते थेट चालत नसे. ॲपलने फेअरप्लेचा परवाना प्रतिस्पर्ध्यांना दिला नाही. मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये प्लेज-फॉर-शुअर या नावाखाली अनेक दुकाने आणि अनेक यंत्रे यांना सामाईक असे कुलूप पुढे आणले, पण २००६ मध्ये त्याच कंपनीने काढलेल्या झून या संगीतयंत्रावर त्या कुलपाची गाणी वाजत नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या शब्दावर विसंबून संग्रह जमवलेल्यांना मायक्रोसॉफ्टचेच नवे यंत्र निरुपयोगी ठरले, हा प्रकार या इतिहासात विनोदी म्हणावा असा आहे.

ग्राहकाच्या निवडीवर झालेला परिणाम येथे नीट पाहावा लागतो. पहिली खरेदी करताना ग्राहक मोकळा असे आणि किंमत, रूप, वापरातील सोय पाहून तो आयपॉड घेई. त्यानंतर घेतलेल्या प्रत्येक गाण्यागणिक दुसऱ्या कंपनीकडे जाण्याचा त्याचा खर्च वाढत जाई, कारण जाताना संग्रह मागे ठेवावा लागे. चाचेगिरी रोखण्यासाठी म्हणून बसवलेले कुलूप अशा रीतीने प्रत्यक्षात यंत्रविक्रेत्याचे ग्राहक राखण्याच्या कामी आले. हे ओळखून रिअल नेटवर्क्स कंपनीने जुलै २००४ मध्ये हार्मनी हे तंत्र आणले आणि आपल्या दुकानातील गाणी आयपॉडवर चालतील अशी सोय केली. ॲपलने ही हॅकरची वर्तणूक असल्याची टीका केली आणि पुढे आयपॉडचे सॉफ्टवेअर बदलून ती वाट बुजवली. या बदलांवरून अमेरिकेतील ग्राहकांनी लावलेला दावा दहा वर्षे रेंगाळला आणि डिसेंबर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथील ज्युरीने ॲपलच्या बाजूने निर्णय दिला.

लोकमत खऱ्या अर्थाने बिघडले ते सोनी बीएमजी या कंपनीच्या सीडींमुळे. नक्कल रोखण्यासाठी कंपनीने २००५ मध्ये काही सीडींवर एक्ससीपी नावाचे सॉफ्टवेअर घातले होते. ही सीडी विंडोज संगणकात वाजवू गेल्यास ते सॉफ्टवेअर संगणकात शिरे आणि स्वतःला कार्यप्रणालीपासून लपवून ठेवी. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी सुरक्षातज्ज्ञ मार्क रसिनोविच यांनी आपल्याच संगणकात आढळलेल्या या छुप्या घटकाचे सविस्तर विश्लेषण प्रसिद्ध केले. एका ठरावीक चिन्हसमूहाने सुरू होणारे नाव असलेली कोणतीही फाइल हे सॉफ्टवेअर लपवत असे. त्यामुळे विषाणू लिहिणाऱ्यांना आयतीच लपण्याची जागा मिळाली आणि काही दिवसांतच तिचा वापर करणारे विषाणू आढळले. हे सॉफ्टवेअर हाताने काढू जाणाऱ्याची सीडी ड्राइव्ह निकामी होई आणि ते काढण्यासाठी कंपनीने दिलेल्या पहिल्या साधनातही सुरक्षेचे भगदाड निघाले. कंपनीला नोव्हेंबरमध्ये ५२ शीर्षकांच्या सीडी परत मागवाव्या लागल्या. टेक्सास राज्याने दावा लावला, ग्राहकांचे सामूहिक दावे उभे राहिले आणि जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीनुसार संगणकाचे नुकसान झालेल्यांना १५० डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे ठरले. तोपर्यंत डीआरएम हा तंत्रज्ञांच्या वर्तुळातील विषय होता. या प्रकरणामुळे, दुकानात रीतसर पैसे देऊन घेतलेली सीडीच संगणक बिघडवू शकते हे सामान्य श्रोत्याला कळले.

याच सुमारास युरोपात प्रश्न ग्राहकहक्काच्या चौकटीत मांडला गेला. नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने जानेवारी २००६ मध्ये आयट्यून्सच्या अटींविरुद्ध तक्रार केली आणि तेथील ग्राहक लोकपालाने, गाणे एकाच कंपनीच्या यंत्राशी बांधणे हे करारातील अन्याय्य अट ठरते, अशी भूमिका घेतली. फ्रान्समध्ये त्याच वर्षी कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीच्या निमित्ताने कुलपाचे तपशील प्रतिस्पर्ध्यांना उघड करण्याची सक्ती चर्चेत आली. अंतिम कायद्यात ती बरीच सौम्य झाली. अमेरिकेत फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने २००६ मध्ये डीआरएमविरोधी मोहीम उघडली आणि तिच्या कार्यकर्त्यांनी विषारी पदार्थ हाताळणाऱ्यांचे पोशाख घालून सिॲटल येथे निदर्शने केली.

६ फेब्रुवारी २००७ रोजी ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी एक खुले पत्र प्रसिद्ध करून, ध्वनिमुद्रण कंपन्यांनी परवानगी दिल्यास आपण कुलपे काढून टाकू, असे जाहीर केले. त्यातील युक्तिवाद आकडेवारीचा होता. २००६ मध्ये जगभर कुलूपबंद गाणी दोन अब्जांहून कमी विकली गेली, तर त्याच कंपन्यांनी वीस अब्जांहून अधिक गाणी कुलपाविना सीडींवर विकली; मग कुलपाने नेमके कशाचे रक्षण झाले, असा त्यांचा प्रश्न होता. सरासरी आयपॉडवर त्यांच्या दुकानातील केवळ २२ गाणी असतात, म्हणजे ग्राहक त्यामुळे बांधला जात नाही, असेही त्यांनी लिहिले. हा दुसरा मुद्दा नॉर्वेसारख्या देशांतील टीकेला उत्तर देण्यासाठी होता हे उघड आहे आणि तो तितकासा पटणारा नाही. सरासरीत काहीच न घेणारे असंख्य लोक मिसळलेले असतात, तर शेकडो गाणी घेतलेला ग्राहक बांधलेलाच राहतो.

एप्रिल २००७ मध्ये ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीने आपला संग्रह कुलपाविना विकण्यास संमती दिली. मे महिन्यात ही गाणी दुप्पट दर्जाच्या म्हणजे २५६ किलोबिट फाइलींत, १.२९ डॉलरला मिळू लागली. पण कुलूप नसलेल्या या फाइलींत खरेदीदाराचे नाव व ईमेल पत्ता नोंदलेला असे. सप्टेंबर २००७ मध्ये ॲमेझॉनने केवळ कुलूपविरहित एमपी३ विकणारे दुकान उघडले आणि जानेवारी २००८ पर्यंत चारही मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्या तेथे आल्या. ॲपलला मात्र सर्वांची परवानगी जानेवारी २००९ मध्ये मिळाली आणि तीही एकच किंमत सोडून ६९ सेंट, ९९ सेंट व १.२९ डॉलर अशा तीन दरांना मान्यता दिल्यावर. हा क्रम बोलका आहे. ग्राहकांच्या संतापाने वातावरण तयार केले, परंतु ध्वनिमुद्रण कंपन्यांचे मन वळवले ते ॲपलच्या वाढत्या वर्चस्वाच्या भीतीने. आपणच मागितलेल्या कुलपामुळे ग्राहक एका विक्रेत्याच्या ताब्यात गेला आणि तो विक्रेता आता किंमत ठरवू लागला, हे ध्यानात आल्यावर त्यांनी कुलूपविरहित गाणी आधी त्याच्या प्रतिस्पर्ध्याला दिली. जुनी गाणी मोकळी करून घेण्यासाठी ॲपलच्या ग्राहकांना मात्र प्रत्येक गाण्यामागे ३० सेंट पुन्हा मोजावे लागले.

कुलूप गेल्यावर, ज्यांनी आधी खरेदी केली होती त्यांचे काय, हा प्रश्न २००८ मध्ये पुढे आला. मायक्रोसॉफ्टने एप्रिलमध्ये जाहीर केले की एमएसएन म्युझिक या आपल्या बंद पडलेल्या दुकानाचे परवाना-सर्व्हर (किल्ली देणारे सर्व्हर) ऑगस्टअखेर थांबवले जातील. त्यानंतर संगणक बदलल्यास गाणी वाजणार नव्हती. टीकेनंतर ही मुदत २०११ च्या अखेरपर्यंत वाढवण्यात आली. याहू कंपनीनेही जुलैमध्ये तसाच निर्णय जाहीर केला आणि ओरड झाल्यावर ग्राहकांना भरपाई देऊ केली. वॉलमार्टने सप्टेंबरमध्ये सर्व्हर बंद करण्याची सूचना दिली आणि नंतर ती मागे घेतली. ‘खरेदी करा’ असे बटण दाबून घेतलेली वस्तू वास्तविक विक्रेत्याच्या मर्जीवर चालणारा परवाना होती, हे या घटनांनी दाखवले.

भारतात हा वाद ज्या स्वरूपात पाश्चात्त्य देशांत झाला तसा झाला नाही, कारण कुलूपबंद गाण्यांची किरकोळ विक्रीच येथे नगण्य होती. आयट्यून्स स्टोअर भारतात डिसेंबर २०१२ मध्ये, म्हणजे संगीतावरील कुलूप निघून गेल्यावर आले. दरम्यान शहरांच्या पदपथांवर शेकडो गाण्यांच्या एमपी३ सीडी मिळत आणि तालुक्याच्या गावांतील मोबाइलची दुकाने थोड्या पैशांत मेमरी कार्डात गाणी भरून देत. कायदेशीर उत्पन्नाचा मोठा भाग कॉलर ट्यूनचा होता. ती तर मासिक भाड्याची आणि मोबाइल कंपनी बदलली की जाणारी, पण तिला कोणी कुलूप म्हटले नाही. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लाइट नावाने कुलूपविरहित एमपी३ विक्री सुरू केली होती. ग्राहकाला हवे ते सारे येथे होते, तरीही जून २०१३ मध्ये हे दुकान बंद झाले. फुकट गाणी सर्वत्र मिळत होती आणि दहा-पंधरा रुपयांच्या व्यवहारासाठी सोयीची भरणापद्धती तेव्हा नव्हती. कुलूप काढले की लोक आपोआप विकत घेतील, हे डीआरएम-विरोधकांचे आवडते गृहीतक या उदाहरणापुढे टिकत नाही.

भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५अ हे कलम आले. हक्कभंग करण्याच्या हेतूने प्रभावी तांत्रिक उपाय निकामी करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड अशी तरतूद त्यात आहे. हेतूची ही अट महत्त्वाची आहे. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी, तसेच कूटशास्त्रीय संशोधन, सुरक्षाचाचणी किंवा खासगीपणाचे रक्षण यांसाठी कुलूप उघडण्यास कलमात मुभा आहे. फक्त अशा कामात दुसऱ्याला मदत करणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता आणि इतर तपशील यांची नोंद ठेवावी लागते. अमेरिकी कायद्याच्या तुलनेत ही रचना ग्राहकाला अधिक अनुकूल आहे.

स्ट्रीमिंग सेवांच्या प्रसाराबरोबर कुलूप परत आले, पण विरोध परतला नाही. वर्गणीदार गाणे आपले आहे असे मानतच नाही, त्यामुळे ते हिरावले जाण्याची भीतीही त्याला वाटत नाही. स्पॉटिफायवर इंटरनेटशिवाय ऐकण्यासाठी उतरवलेली गाणी कूटबद्ध असतात आणि ३० दिवसांत एकदा तरी जोडणी न झाल्यास थांबतात. या नियमाविरुद्ध कोठे निदर्शने झाल्याचे ऐकिवात नाही. ग्राहकांची मते आता कलाकारांना मिळणारा मोबदला, जाहिराती, आवाजाचा दर्जा आणि एखाद्या कंपनीचा संग्रह अचानक नाहीसा होणे यांभोवती फिरतात. स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आले तेव्हा वॉर्नर या संगीत कंपनीशी मुंबई उच्च न्यायालयात वाद सुरू होता आणि तिची बरीच गाणी भारतीय श्रोत्यांना पुढचे वर्ष उजाडेपर्यंत मिळाली नाहीत. एप्रिल २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने टिप्स (संगीत कंपनी) विरुद्ध विंक (स्ट्रीमिंग सेवा) या खटल्यात निर्णय देताना, गाणे कायमचे उतरवून घेऊ देणे ही विक्री होय आणि वर्गणी चालू असेपर्यंत साठवू देणे हे व्यापारी भाडे होय, असा भेद केला. रेडिओ-दूरचित्रवाणी प्रक्षेपणासाठी असलेला वैधानिक (मालकाच्या संमतीविना, ठरावीक मोबदला देऊन मिळणारा) परवाना अशा सेवांना लागू होत नाही, असेही त्यात म्हटले होते. २०२२ मध्ये खंडपीठाने हा निर्णय कायम ठेवला. विंक ही सेवा चालवणाऱ्या एअरटेलने २०२४ मध्ये ती बंद करण्याचे जाहीर केले आणि आपल्या ग्राहकांसाठी ॲपल म्युझिकची सवलत पुढे केली.