सामाईक समुद्र आणि बेवारस समुद्र

जे सगळ्यांचे ते कोणाचेच नसते, हे वाक्य मासेमारीच्या व्यवस्थापनाविषयी बोलताना इतक्या सहजपणे उच्चारले जाते की त्यात दोन अगदी निराळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत हे चटकन लक्षात येत नाही. जिथे कोणीही यावे, हवी तेवढी जाळी टाकावीत आणि निघून जावे, ते पाणी बेवारस. अभ्यासक त्याला मुक्त प्रवेशाचे पाणी म्हणतात. ज्या पाण्यावर ठरावीक समूहाचा हक्क असतो, बाहेरच्याला मज्जाव असतो आणि आतल्यालाही मासे कधी, कुठे आणि कशाने धरायचे याचे नियम पाळावे लागतात, ते सामाईक. किनाऱ्यावरून दोन्ही सारखीच दिसतात, कारण कुंपण कुठेच नसते.

घोळ विद्वानांनीच घातला, असे म्हणायला हरकत नाही. अर्थशास्त्रज्ञ स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ मध्ये मासेमारीच्या अर्थशास्त्रावर लिहिताना वर्णन केले ते बेवारस पाण्याचे, पण नाव दिले सामाईक मालमत्तेचे. १९६८ मध्ये जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी, सगळ्यांच्या कुरणावर प्रत्येक जण आपली गुरे वाढवत जातो आणि शेवटी कुरणच उजाड होते, या दाखल्यावरून सामाईक साधनांची शोकांतिका मांडली. आपल्याला नियमन नसलेली सामाईक साधने अभिप्रेत होती, हे त्यांनी स्पष्ट केले तोवर मूळ शब्दप्रयोग धोरणकर्त्यांच्या तोंडी बसला होता.

खरोखर बेवारस पाण्याचे काय होते, हे बेरिंग समुद्राच्या मधल्या भागात दिसले. अमेरिका आणि रशिया यांच्या २०० सागरी मैलांच्या हद्दींच्या मधोमध, पण दोन्हींच्या बाहेर राहिलेल्या या तुकड्यावर कोणत्याच देशाचा अधिकार चालत नव्हता. अनेक देशांच्या ट्रॉलरनी तेथे पोलॉक मासा उपसला, १९८९ च्या सुमारास वार्षिक पकड १४ लाख टनांच्या आसपास पोहोचली आणि १९९३ मध्ये मासेमारी थांबवावी लागली.

याउलट तुर्कस्तानातील अलान्या येथील किनारी मच्छीमारांची पद्धत पाहावी. मासेमारीच्या प्रत्येक जागेला तेथे नाव आहे, आणि एका जागेवरच्या जाळ्याने शेजारच्या जागेकडे जाणारे मासे अडणार नाहीत इतके अंतर दोन जागांमध्ये ठेवलेले आहे. सप्टेंबरमध्ये चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाची पहिली जागा ठरते. जानेवारीपर्यंत प्रत्येक जण रोज पूर्वेकडच्या पुढच्या जागेवर सरकतो आणि त्यानंतर मे महिन्यापर्यंत उलट दिशेने. मासे ऋतूनुसार स्थलांतर करत असल्यामुळे चांगल्या जागेचा लाभ यातून सगळ्यांना आळीपाळीने मिळतो. कोणी दुसऱ्याच्या जागेत शिरला तर ज्याची पाळी असते तोच हटकतो, वेगळा पहारेकरी लागत नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी, ज्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, हे उदाहरण विस्ताराने मांडले आहे.

अशा पाण्याला सरकारी कागदाने बेवारस मानले की काय होते, याचा दाखला न्यूझीलंडचा आहे. तेथे १९८६ मध्ये कोटा पद्धत आली आणि पूर्वीच्या पकडीच्या नोंदींवरून वाटे ठरले. थोडी मासेमारी आणि थोडे इतर काम करून जगणारे, ज्यांत तेथील मूळ रहिवासी माओरी मोठ्या संख्येने होते, आधीच या व्यवसायातून वगळले गेले होते. ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी यांच्यातील १८४० च्या वैतांगी कराराने आपले मासेमारीचे हक्क मान्य केले असताना सरकार जे आपले नाही ते वाटत आहे, असे म्हणत माओरी न्यायालयात गेले आणि १९९२ मध्ये सरकारला तडजोड करावी लागली. मासा वाचवण्याचा हेतू चुकीचा नव्हता. आधीचा हक्कदार विचारात न घेणे चुकीचे होते.

मात्र सामाईक म्हणजे न्याय्यच, असेही समजू नये. समूहाचा सदस्य कोण, हा प्रश्न बहुधा होडी आणि जाळे ज्याच्या हाती असते तोच सोडवतो. ओहोटीच्या वेळी खडकांतून आणि चिखलातून शिंपल्या, खेकडे, कालवे गोळा करणाऱ्या बहुतेक ठिकाणी स्त्रिया असतात. कोणी कुठवर जायचे आणि कोणता पट्टा काही दिवस मोकळा ठेवायचा, हे त्या आपसांत ठरवतात. तरीही सहकारी संस्थेच्या यादीत त्यांची नावे नसतात, आणि समूहाच्या हक्काचा नकाशा काढला जातो तेव्हा ओहोटीचा तो पट्टा त्यावर रिकामाच राहतो.