गेममधलं मशीन हुशार आहे की त्याला जाणीव आहे?

नागपुरातल्या गेम खेळणाऱ्या पोरांमध्ये सायन्स फिक्शनचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: ‘काहून बे, एवढं हुशार मशीन आहे, त्याला भावना असणारच ना!’ हुशारी आणि जाणीव यांची ही गल्लत ऐकून मी खरंच वैतागलोय. एकदा ती झाली की यंत्राला जीव फुटणं पटण्यासारखं आहे का, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहतो.

हुशारी सगळ्यांच्या ओळखीची आहे. ध्येय दिलं की तिथवर पोचायचा मार्ग शोधणं, एवढंच. २००५ च्या ‘फिअर’ या गेममधले सैनिक आडोसा घेतात, बाजूने घेरतात. २०१४ च्या ‘एलियन: आयसोलेशन’मध्ये एका यंत्रणेला खेळाडूची जागा कायम ठाऊक असते. ती खेळाडूच्या मागावर असलेल्या राक्षसाला फक्त अंदाज देते, पुढचं तो आवाज-हालचालीवरून शोधतो. भीती वाटते, पण ती आपल्याला. रोबो की अँड्रॉइड (म्हणजे माणसासारखा दिसणारा रोबो), हा फरक तर नुसत्या बाह्यरूपाचा. त्यात वेळ घालवू नका.

खरा घोळ जाणिवेपाशी, म्हणजे आतून काही वाटण्यापाशी आहे. बुद्धिबळ नागपूरकरांना सांगायला नको. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने टायब्रेकमध्ये कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि आईच्या गळ्यात पडून ती रडली. स्टॉकफिश हा बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम साध्या फोनवरही जगातल्या कुठल्याही खेळाडूला भारी पडतो. पण जिंकल्यावर त्याला काही वाटतं, असं मानायला तसूभरही कारण नाही. चाल शोधण्यात तो कितीतरी पुढे आहे, तरी तो विजय त्याच्यासाठी कसलाच नाही. हुशारी कितीही वाढवत नेली तरी ‘वाटणं’ आपोआप सुरू होत नाही, कारण जाणीव ही हुशारीच्याच शिडीची वरची पायरी नव्हे. मेंदूतल्या घडामोडींबरोबर अनुभव का येतो, या कोड्याला तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्सने १९९५ मध्ये ‘कठीण समस्या’ म्हटलं. त्याचं सर्वमान्य उत्तर आजही नाही.

‘पण ते मशीन स्वतः सांगतं ना, मला दुखतं म्हणून!’ हा पुढचा युक्तिवाद. १९६६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबॉमचा ‘एलायझा’ हा प्रोग्राम माणसाचंच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत विचारायचा, आणि लोक त्याच्यापुढे मन मोकळं करायचे. भावनेबद्दल बोलता येणं हीसुद्धा हुशारीच.

माझा सगळ्यात मोठा राग २०१८ च्या ‘डेट्रॉइट: बिकम ह्यूमन’ या गेमवर. तिथे अँड्रॉइडसमोर हुकमांची लाल भिंत उभी राहते, तो ती फोडतो आणि जागा होतो. दृश्य जबरदस्त आहे, कल्पना मात्र चुकीची. दोन सूचनांचा मेळ बसला नाही तर काहीही न वाटणारा प्रोग्रामसुद्धा सांगितलेलं सोडून भलतंच करतो. उलट, मुकाट्याने हुकूम पाळणाऱ्याला आतून असह्य यातना होत असतील. अवज्ञेवरून जाणीव मोजली तर असा जीव आपल्या नजरेतून सुटेल, आणि हे मला भयंकर वाटतं.

२०१५ चा ‘सोमा’ हा गेम मला म्हणूनच कितीतरी सरस वाटतो. समुद्रतळाशी एक मोडकं यंत्र पडलेलं असतं आणि आपण माणूसच आहोत असं ते ठामपणे सांगतं. पुढे जायला वीज हवी. ती एका मार्गाने वळवली तर ते वेदनेने किंचाळत राहतं, दुसऱ्या मार्गाने ते संपतं. ते यंत्र बंड करत नाही, डावपेच लढवत नाही. त्याला दुखतंय का, एवढंच आपल्याला ठरवायचं असतं. इथे जाणीव कुठून आली याचं निदान कारण तरी आहे: माणसाच्या मेंदूची नक्कल यंत्रात उतरवली आहे. अशा नकलेबरोबर अनुभवही येतो का, यावर वाद घालता येतो. ‘डेट्रॉइट’मधल्या घरकामाच्या अँड्रॉइडमध्ये वेदना कुठून आली, याचं पटेल असं कारण तो गेम देत नाही. रडणारा चेहरा दाखवतो आणि आपण विश्वास ठेवतो.