विरहगीत आणि शोकगीत: रॉकच्या श्रोत्यांचा एक जुना घोळ
कोणी निधन पावले की श्रद्धांजलीच्या चित्रफितीमागे पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचे ‘विश यू वेअर हिअर’ वाजवण्याची आता पद्धतच पडली आहे. पण ते शोकगीत नाही, विरहगीत आहे. बँडचा जुना सदस्य असलेल्या ज्या सिड बॅरेटच्या आठवणीशी ते जोडलेले आहे, तो १९७५ साली गाणे आले तेव्हा हयात होता आणि पुढे २००६ पर्यंत जगला, हे किती वेळा सांगायचे?

शोकगीत सर्वांना कळते. गिटारवादक-गायक एरिक क्लॅप्टनचा चार वर्षांचा मुलगा १९९१ मध्ये न्यूयॉर्कमधील इमारतीच्या ५३व्या मजल्यावरून पडून मरण पावला. त्यानंतर गीतकार विल जेनिंग्जसह क्लॅप्टनने रचलेल्या ‘टिअर्स इन हेवन’मध्ये भेटीची कल्पना आहे, पण ती परलोकातली आणि तीही ‘जर’वर टांगलेली. चाल संथ की जलद, स्केल (स्वरसप्तक) सहसा आनंदी वाटणारे मेजर की उदास वाटणारे मायनर, यावरून मात्र काही ठरत नाही. ‘विश यू वेअर हिअर’ आणि ‘टिअर्स इन हेवन’ ही दोन्ही गाणी मेजरमध्येच आहेत.

खरा भेद भरतमुनींनी नाट्यशास्त्रात सांगून ठेवला आहे: करुण, म्हणजे शोकाचा रस, निरपेक्ष असतो, तर विप्रलंभ, म्हणजे विरहाचा शृंगार, सापेक्ष. म्हणजे एकात भेटीची आशा संपलेली असते आणि दुसऱ्यात ती जिवंत असल्यामुळेच जीव टांगणीला लागतो. त्याच क्लॅप्टनच्या १९७० मधील ‘लैला’ या गाण्यात विनवण्या आहेत, कारण मित्राची पत्नी असलेली ती स्त्री ‘हो’ म्हणण्याची शक्यता उरलेली आहे. मात्र विरह म्हणजे केवळ प्रियकर-प्रेयसीचा, हा हट्ट मला मान्य नाही. मित्राचाही विरह होतो, आणि बॅरेटच्या बाबतीत तर तो अधिक अवघड होता. मानसिक अवस्था ढासळल्यामुळे १९६८ मध्ये तो बँडबाहेर पडला होता. माणूस होता, पण असून नसल्यासारखा. म्हणूनच ‘विश यू वेअर हिअर’मधले, बँडच्या रॉजर वॉटर्सने लिहिलेले शब्द हळहळत बसत नाहीत. तुला स्वर्ग आणि नरक यांतला फरक सांगता येईल का, असे थेट ‘तू’ म्हणून विचारतात, आणि असा प्रश्न ज्याच्याकडून अजून उत्तर येऊ शकते त्यालाच विचारला जातो.

५ जून १९७५ रोजी, हे गाणे असलेल्या त्याच नावाच्या अल्बमचे काम चालू असताना, डोके आणि भुवया भादरलेला एक स्थूल माणूस लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत आला. तो बॅरेट आहे, हे जुन्या सोबत्यांना बराच वेळ ओळखू आले नाही.

गाण्याची सुरुवात हेडफोन लावून ऐकावी. रेडिओची स्टेशने बदलल्याची खरखर होते, मग लांबून आल्यासारखी एक पातळ, चिरकी गिटार वाजू लागते आणि थोड्या वेळाने दुसरी गिटार तिला साथ धरते. ही मात्र अगदी कानाशी, इतकी जवळ की वाजवणाऱ्याचा खोकलासुद्धा ऐकू येतो.