अंगात रक्त किती? एका मापाची पार्श्वभूमी

पावसाळ्यात गोदावरीचा पूर नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं. पण गंगापूर धरणात साठा किती, हे त्या मूर्तीकडे बघून कळत नाही. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय पुरेसं काम करू न शकणाऱ्या पेशंटचंही तसंच आहे. ‘पंपिंग कमी झालंय, अंगात पाणी भरलंय’ असं आपण म्हणतो, तेव्हा हाती असतात त्या पातळीच्या खुणा: नडगीवर अंगठा दाबला की राहणारा खळगा, मानेची फुगलेली शीर, तीन दिवसांत दोन किलोनं वाढलेलं वजन. एकूण रक्त किती, हा आकडा फाइलमध्ये सहसा नसतोच.

तो काढायचे प्रयत्न मात्र जुने आहेत. १८५०च्या दशकात जर्मनीत बिशॉफ यांनी देहदंड झालेल्यांचं रक्त काढून, उरलेलं पाण्यानं धुऊन घेऊन हिशेब मांडला. जिवंत माणसात मोजणी जमवली ती हॉल्डेन आणि लोरेन स्मिथ यांनी, १९०० मध्ये. कार्बन मोनॉक्साइडची मोजकी मात्रा श्वासातून द्यायची आणि ती रक्तात किती पातळ झाली ते पाहायचं. १९१५ मध्ये कीथ, राउंट्री आणि जेराटी यांनी वायूऐवजी शिरेतून रंग दिला, तर १९५० मध्ये ग्रे आणि स्टर्लिंग यांनी तांबड्या पेशींना किरणोत्सारी क्रोमियम-५१ लावलं. हिशेब सगळीकडे एकच: घातलं किती ते ठाऊक, नमुन्यात सापडलं किती तेही ठाऊक, भागाकार केला की एकूण माप. साधारण ६० किलोच्या माणसात ते सव्वाचार लिटरच्या आसपास येतं.

एवढी अचूक पद्धत वॉर्डात रुळली का नाही? पुन्हा पुन्हा नमुने, किरणोत्सारी द्रव्याची सांभाळणूक, निकालाला लागणारा वेळ. त्यात १९७० मध्ये स्वान-गँझ कॅथेटर, म्हणजे शिरेतून हृदयात सरकवायची बारीक नळी आली आणि हृदयातला दाब थेट वाचता येऊ लागला. दाब म्हणजेच साठा, असं धरून चालायची सवय लागली. माझ्या मते इथेच पेशंटचं नुकसान होतं. पोटातल्या शिरा आकसल्या की तिथलं रक्त छातीकडे ढकललं जातं; एकूण रक्त तेवढंच राहून दाब चढतो. अशा माणसाला लघवीच्या गोळ्या वाढवत नेल्या तर तो कोरडा पडतो, किडनीवर ताण येतो. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची सूज अगदी तशीच दिसते, पण त्याच्या अंगात खरोखरच जादा रक्त असतं.

इमेजिंगचा धागाही जुनाच. १९२०च्या दशकात बोस्टनमध्ये ब्लमगार्ट आणि वाइस यांनी एका हाताच्या शिरेत किरणोत्सारी द्रव्य टोचून ते दुसऱ्या हातात किती सेकंदांत पोचतं ते टिपलं. आज एमआरआयमध्ये गॅडोलिनियम (शिरेतून टोचलेलं, चित्रात उठून दिसणारं द्रव्य) हृदयाच्या उजव्या कप्प्यातून डाव्यात जायला लागणारा वेळ चित्रांवरूनच मोजता येतो. त्या वेळेला रक्तप्रवाहानं गुणलं की फुफ्फुसांत साचलेलं रक्त कळतं, आणि दम लागतो तो बहुतेकदा तिथल्याच तुंबण्यामुळे. मात्र संपूर्ण शरीरातलं रक्त यातून मिळत नाही. शिवाय ज्याला तीन उशा घेतल्याशिवाय आडवं होता येत नाही, त्याला त्या बोगद्यात सपाट झोपवणार कसं? म्हणून हीच मोजणी खाटेजवळ, सूक्ष्म बुडबुड्यांचं द्रावण टोचून सोनोग्राफीनं करण्यावर संशोधन झालं आहे. रोजच्या कामात डॉक्टर टुडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पोटातल्या मोठ्या शिरेची रुंदी बघतात: २.१ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल आणि श्वास घेताना ती निम्म्यानंही आकसत नसेल, तर उजव्या बाजूचा दाब वाढलाय असं धरतात. म्हणजे तोही दाबाचाच अंदाज.